धोतरातला चक्का

चैत्र सरत आला की माझ्या स्वयंपाकघरात टप टप आवाज सुरू होतो. ओट्याच्या वर भिंतीत ठोकलेल्या आकड्याला दह्याचं गाठोडं लटकतं, खाली पातेलं असतं, आणि दह्याचं पाणी थेंबाथेंबानं त्यात गळत राहतं. घरातल्या बाकीच्यांना तो आवाज आला की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली असं वाटतं. त्यांना कैऱ्या आठवतात, झोके आठवतात, माहेरी येणाऱ्या लेकी आठवतात. मला माझं वैर आठवतं.

परवा सुनेनं बाजारातून प्लॅस्टिकची एक डबी आणली. आत दही, त्यात फळांचे तुकडे, वर चकचकीत झाकण. "आई, खाऊन बघा. साखर अजिबात नाही. तब्येतीला चांगलं असतं," ती म्हणाली. मी चमचाभर खाल्लं. दही आंबट होतं आणि वरून वासाचं काहीतरी घातलेलं होतं. मी तिला म्हटलं, "अगं, बिनसाखरेचं गोड दही मी तुझा नवरा शाळेत होता तेव्हापासून करते." ती म्हणाली, "तेव्हाही लोक तब्येतीला एवढे जपायचे?" मी म्हटलं, "तब्येतीसाठी नव्हे. उट्टं काढण्यासाठी." ती हसली. तिला वाटलं, सासू गंमत करते आहे.

माझं माहेर शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. कपाशीचं गाव. उन्हाळ्यात शेतं उघडी पडलेली, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर, आणि दुपारी गावात माणूस दिसायचं नाही इतकं ऊन. आमच्या दारी दोन म्हशी होत्या आणि आमच्या आबांच्या हाताला दही होतं. आबा म्हणजे माझे वडील. दही लावणं हे खरं तर बायकांचं काम, पण आमच्या घरी मायला त्या कामाला हात लावू द्यायचे नाहीत. बोट बुडवून दूध किती कोमट आहे ते बघायचे, विरजणाचा एवढासा ठिपका टाकायचे आणि मडकं घोंगडीत गुंडाळून ठेवायचे. गावात कोणाकडे लग्न असलं, बारसं असलं, की दही आमच्याकडून जायचं. आबा म्हणायचे, "साखर मांगून. आधी दहीच गोड लागाले जोयजे." म्हणजे साखर मागाहून, आधी दहीच गोड लागायला हवं.

त्यांची युक्ती साधी होती. दही लागलं की ते आंबट व्हायची वाट बघायची नाही. सकाळचा गारवा आहे तोवरच फडक्यात बांधायचं आणि रांजणांच्या वर, सावलीत टांगायचं. रांजणाच्या ओलाव्यानं तिथली हवा थंड राहते. गाठ अशी मारायची की पाणी वाटेला लागेल आणि दही मात्र दाबलं जाणार नाही. हातानं पिळायचं तर मुळीच नाही. उतरवलेला चक्का बोटावर घेतला की दुधाचाच गोडवा जिभेवर यायचा. लहानपणी आम्ही भावंडं तो तसाच खायचो, साखरेची आठवणसुद्धा व्हायची नाही.

माझं लग्न ठरलं ते जळगावात. सासरचं किराणा मालाचं दुकान, दगडी पायऱ्यांचं घर, नळाचं पाणी. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. मुलगी बघायला आल्या तेव्हा त्यांनी आमच्या ओट्यावर बसायच्या आधी पदरानं ओटा झटकला होता. माय त्या दिवशीच म्हणाली होती की बाई नाकानं बोलते. पण मुलगा चांगला होता, तो पुढंही चांगलाच निघाला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

साखर तेव्हा रेशनवर होती. लग्नात श्रीखंड करायचं म्हणजे साखर कुठून आणायची? आबांनी कोणापुढं तोंड वेंगाडलं नाही, तरी गावानं ऐकलं. घरोघरच्या बायका पदराआड वाटी घेऊन आल्या. कोणाकडची शुभ्र, कोणाकडची पिवळट, कोणाकडची मुंग्या निवडून आणलेली. आमच्या माजघरातल्या डब्यात सबंध गावाची साखर एक झाली. आणि इतकं दही बांधायला घरातलं फडकं पुरेना, तेव्हा आबांनी लग्नासाठी आपल्याला घेतलेलं कोरं धोतर काढलं, मधोमध टर्र फाडलं, दोन पाण्यांतून काढलं आणि त्याच्या अर्ध्या भागात दही बांधलं. स्वतः जुनंच धोतर नेसून मांडवात उभे राहिले. त्या धोतराला हिरवा बारीक काठ होता. तो काठ अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे, आणि खरं सांगायचं तर आत्ता आकड्यालाही आहे.

लग्न लागलं. मग विहिणीची पंगत बसली. वराकडच्या बायकांची ही पंगत वेगळी असते आणि त्या दिवशी विहीण म्हणजे राणी. तिनं थोडं रुसायचं, वधूकडच्यांनी तिला विनवायचं, लुगडं द्यायचं, मग तिनं हसून घास घ्यायचा, अशी रीत. रुसण्याला माप असतं. मीठ जसं चिमूटभर, तसं रुसणंही चिमूटभर. अक्कांना माप माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी मूठभर घातलं.

त्यांची सख्खी बहीण, माझी मावससासू, हात धुवायला मागच्या अंगणात गेली होती. धुळ्याची बाई, डोळे चहूकडे. तिथं कुडावर ते धोतर वाळत होतं. परत येऊन ती अक्कांच्या कानाला लागली. मी समोरच पाटावर बसले होते, हळदीच्या अंगानं, खाली मान घालून, पण कान काही खाली घालता येत नाहीत.

अक्का म्हणाल्या, "मुलीच्या वडलांना बोलवा."

आबा आले. त्यांना वाटलं, श्रीखंडाचं कौतुक होणार आहे. हसतच आले.

"हे कशात बांधलं होतं?"

"धोतरमा, अक्का. कोरं धोतर फाडं."

"नेसायच्या धोतरात?" अक्कांनी श्रीखंडाची वाटी उचलली आणि पानावर पालथी घातली. "आमच्या घरी असलं जनावरापुढं टाकतात."

आबा खाली बसले. "कोरं व्हतं, अक्का. आंगले लागेल नही," असं म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी अक्कांच्या पानाशेजारी जमिनीवर ठेवली. खानदेशातल्या शेतकऱ्याची टोपी ही अंगातल्या कापडासारखी नसते. ती मयताला उतरते, देवापुढं क्वचित उतरते. बाईमाणसाच्या पायाशी ती ठेवली म्हणजे त्यापुढं माणसाकडं ठेवायला काही उरत नाही.

अक्का उठल्या. निऱ्या आवरल्या आणि ती टोपी ओलांडून गेल्या. त्यांच्यामागून त्यांच्या सगळ्या बायका उठल्या.

सबंध गावाची साखर पानापानावर तशीच राहिली. ज्या बायकांनी ती दिली होती, त्याच खरकटी पानं उचलत होत्या. माझी पाठवणी झाली तेव्हा आबा बोडक्या डोक्यानं उन्हात उभे होते. मायनं टोपी उचलून पुढं केली होती, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खाले ठेयेल टोपी आते डोकावर चढत नही." मायनं ती ट्रंकेत ठेवली. आणि मी कुडावरचं ते हिरव्या काठाचं अर्धं धोतर ओढलं, घडी केली आणि माझ्या ट्रंकेत, शालूखाली दडवलं. बाकीच्या मुली माहेरून देव नेतात, मी वैर नेलं.

जळगावचा पहिला उन्हाळा आठवला की अजून माझ्या तळहातांची आग होते. दगडी घर रात्रभर उष्मा सोडायचं. दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचं काम माझं. आणि त्या उन्हाळ्यात एकदा अक्का म्हणाल्या, "कमल, दही बांध. आज श्रीखंड करू." मी विचारलं, फडकं कुठलं घेऊ? त्यांनी फळीवरून काढून दिलं. सासऱ्यांचं धोतर होतं. जुनं, नेसून नेसून विरलेलं.

मी ते हातात धरून उभी राहिले. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं मला काय म्हणायचं आहे. म्हणाल्या, "ते घरचं आहे."

म्हणजे दोष धोतराचा नव्हता. दोष माझ्या बापाचा होता, त्याच्या गावाचा होता, त्याच्या बोलण्याचा होता. त्या दिवशी मी डूख धरला. सूड घ्यायला घाई उपयोगाची नाही, हे मला आबांच्या दह्यानंच शिकवलं होतं.

दर आखाजीला मला न्यायला मुऱ्हाळी यायचा, म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. रीतीनं बापानं यावं, पण यायचा माझा थोरला भाऊ. आबा त्या उंबऱ्यावर आले नाहीत. मी माहेरी जायची, लिंबाला झोके बांधलेले असायचे, पोरी गौराईची गाणी म्हणत नदीवर जायच्या, पितरांची घागर भरल्यावर पहिला आमरस व्हायचा. आणि या सगळ्यात आबा बोडके फिरायचे. शेतात, बाजारात, लग्नकार्यात. नवखा माणूस दबक्या आवाजात विचारायचा, कोण गेलं? गावातले लोक त्याला गप्प करायचे. आबांचे केस पिकले, मग विरळ झाले, आणि टाळूची कातडी उन्हानं रापून तांब्यासारखी झाली. मी ते बघायची आणि परत येऊन अक्कांचे पाय चेपायची.

मग देवानं वैरी माझ्या हातात दिला. अक्कांना तहान लागायला लागली. रात्री तीनदा उठायच्या, पायाची जखम भरेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साखर झाली आहे. साखर बंद, गूळ बंद, जिलबी-बिलबी काही नाही. ज्या बाईनं सबंध गावाची साखर पानावर टाकली होती, तिच्या अंगातच साखर उतरली. मी देवघरात जाऊन दिवा लावला. अक्कांना वाटलं त्यांच्यासाठीच लावला.

गोड हा अक्कांचा प्राण होता. डब्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, आणि जेवणानंतर काही गोड तोंडात पडल्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही. ते बंद झाल्यावर बाई पिसाळली. भाकरी जाड म्हणून ताट सरकवायच्या, पाणी गरम म्हणून तांब्या आपटायच्या. पदराच्या गाठीत गूळ लपवायच्या आणि मुंग्या लागून पकडल्या जायच्या. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मी वाट बघत होते.

मी डॉक्टरांना विचारलं, ताज्या दह्याचा चक्का चालेल का, साखर न घालता? ते म्हणाले, चालेल, पण वाटी लहान ठेवा, एखादी खारीक घाला हवी तर, केळं मात्र नको. जळगावात राहून केळं नको, म्हणजे समुद्रात राहून मासा नको. मी म्हटलं, हरकत नाही.

आणि मी ट्रंक उघडली. शालूखालून ते हिरव्या काठाचं धोतर काढलं, दोन पाण्यांतून काढलं, जसं आबांनी काढलं होतं. सकाळच्या गारव्यात दही बांधलं, माठांच्या वर टांगलं. चक्का उतरवून पुरणयंत्रातून फिरवला, लोण्यासारखा झाला. भिजवलेली एक खारीक वाटून घातली, वेलदोडा, जायफळाचा वास लागेल एवढंच जायफळ, वर पिकल्या पपईच्या चार फोडी. लोक वैऱ्याला विष घालतात, मी पथ्य घातलं.

अक्कांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. वाटी संपली. मग बोटानं वाटीचा तळ पुसला आणि बोट चाटलं. "उद्या पण कर," म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. मी रोज करू लागले. दुपार व्हायच्या आधीच त्यांचा आवाज यायचा, "कमल, झालं का गं?" फडकं धुऊन मी माझ्या खोलीत दाराआड वाळत घालायची. त्या घरात माझ्या बापाचं धोतर रोज ओलं होत होतं आणि अक्का त्यातलं रोज खात होत्या. हे मला एकटीलाच माहीत होतं. त्या दिवसांत मी अंगानं भरले, असं शेजारणी म्हणायच्या.

सांगून टाकावं असं किती वेळा ओठांवर आलं. पण ऐकणारं एकच माणूस असून चालणार नव्हतं. मला दोघी हव्या होत्या.

त्या चैत्रात मावससासू धुळ्याहून आली. अक्कांनी तिला कौतुकानं समोर बसवलं. "आमच्या कमलच्या हातचं खा. साखरेचा कण नाही, आणि श्रीखंडाच्या तोंडात मारेल." दोघींनी वाट्या घेतल्या. झोपाळ्यावर बसून, पाय हलवत, दोन्ही बहिणी खात होत्या. मावससासू मिटक्या मारत म्हणाली, "आमचं मेलं आंबट होतं. तू बांधतेस तरी कशात?"

मी आत गेले. दाराआडचं फडकं घेतलं. दोघींपुढं ते दोन्ही हातांनी उघडून धरलं, काठ दिसेल असं.

"यात," मी म्हटलं. "आबांच्या धोतरात. तेच आहे. मांडवातलं."

मावससासूचा पाय हलायचा थांबला. अक्कांच्या वाटीत शेवटचा चमचाभर चक्का होता.

मी म्हटलं, "उरलेलं जनावरापुढं टाकू का?"

हे वाक्य मी किती उन्हाळे तोंडात धरलं होतं. अक्कांनी वाटी खाली ठेवली आणि मोरीत जाऊन चूळ भरली. मावससासू मागून म्हणाली, "ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं, हे लोक असेच." ती दुपारच्या गाडीनं धुळ्याला निघून गेली. मी तिची वाटी धुतली. तीत काही उरलं नव्हतं.

नवरा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, मग बोलला. अक्का मात्र बोलल्या नाहीत. मागितलंही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुपार झाली की नुसत्याच माठांकडं बघत बसायच्या. भाऊ मुऱ्हाळी आला तेव्हा भिंतीकडं बघून म्हणाल्या, "जा. आणि ते फडकं घेऊन जा." मी ते चौकातल्या दोरीवर वाळत घातलं. "ठेवून जाते," म्हटलं. "लागलं तर असू द्या."

धुळ्यापर्यंत बसमध्ये मी एकटीच हसत होते. भावाला सांगितलं, तोही हसला. आता आबांना सांगायचं, आणि आबा ताठ होणार, मायला म्हणणार, काढ ती टोपी. सगळा रस्ता मी हेच चित्र बघत गेले.

आबा गोठ्यात म्हशीचं दावं वळत होते. मी सगळं सांगितलं, वाटीसकट, वाक्यासकट. ते दावं वळतच राहिले.

"खाई राहिंती ना ती?" ते म्हणाले. "मंग काबर सांगं तू?"

"तुमच्या टोपीसाठी."

"नुसतं सांगीसन टोपी वर येत नही, पोरी."

मला राग आला. त्यांचा नाही, माझाही नाही, त्या अपुऱ्या सुडाचा. मी अक्कांचं तोंड कडू केलं होतं, पण माझ्या बापाचं डोकं तसंच बोडकं होतं. त्या आखाजीचा आमरस मला गोड लागला नाही.

परत जळगावला आले तेव्हा दुपार होती. घर निवांत. पायरी चढले तर आतून आवाज आला, टप, टप. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. माठांच्या वर माझ्या बापाचं धोतर टांगलेलं होतं. गाठ अगदीच अडाण्यासारखी मारलेली, पातेलं तिरपं, दह्याचं पाणी फरशीवर पसरलेलं. आणि खाली पाटावर अक्का, गुडघे धरून, वर बघत बसलेल्या.

मला बघून त्यांनी मान खाली घातली. आणि मग जळगावची ती नाकानं बोलणारी बाई बोलली ते शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. त्यांचं माहेरही खेड्यातलंच होतं. ती बोली त्यांनी आयुष्यभर पदराखाली झाकून ठेवली होती.

"धुई लिनं मी. मना हातघाई धुई लिनं," त्या म्हणाल्या. "काय करू, जीभ मानत नही."

म्हणजे माझ्या बापाचं धोतर अक्कांनी स्वतःच्या हातानं धुतलं होतं. मोरीत बसून, घासून, पिळून. मी तशीच उभी राहिले. लगेच पुढं झाले नाही. ते दृश्य मी पोटभर बघून घेतलं. मग पाटाजवळ गेले आणि गाठ सोडून नीट बांधून दिली.

अक्का म्हणाल्या, "तुझ्या आबांना टॉवेल-टोपी धाडते. चांगली, नवी."

"नवी कोणीही देईल," मी म्हटलं. "जी ओलांडली ती उचला."

पावसाळा गेला, कपाशी फुटली, दिवाळी गेली. त्या रोज वाटी घ्यायच्या. मी रोज बांधायची, त्याच धोतरात, आता उघडपणे, आणि धुऊन चौकात दोरीवर घालायची, आल्यागेल्याला काठ दिसेल असं. पुन्हा ऊन तापलं. पुन्हा भाऊ मुऱ्हाळी आला. मी पिशवी भरून बाहेर आले, तर अक्का दारात. पायात वहाणा, हातात कापडी पिशवी.

"चल," म्हणाल्या. "मी पण येते."

सुनेच्या मुऱ्हाळ्याबरोबर निघालेली सासू जळगावच्या स्टँडवर त्याआधी कोणी पाहिली नसेल. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि शिरपूरपर्यंत मांडीवरची पिशवी धरून राहिल्या. धुळ्याला गाडी थांबली तेव्हा बहिणीच्या घराकडंही त्यांनी बघितलं नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. अंगणात बायका जमल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी तेव्हा वाटीवाटीनं साखर दिली होती. माय आतून टोपी घेऊन आली आणि अक्कांच्या हातात देऊ लागली. मी मायचा हात धरला. "हातात नको. खाली ठेव," मी म्हटलं. "होती तिथं."

माय माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं टोपी जमिनीवर ठेवली.

अक्कांचे गुडघे धरलेले होते. वाकायला वेळ लागला. कोणी हात दिला नाही, मीही दिला नाही. त्यांनी टोपी उचलली, पदरानं झटकली आणि दोन्ही हातांनी आबांपुढं धरली. "भाऊ," एवढंच म्हणाल्या.

आबांनी टोपी घेतली. आत बघितलं, उलटी सुलटी केली, आणि डोक्यावर चढवली. ती कानापर्यंत खाली आली.

"मोठी व्हई गयी," आबा म्हणाले.

टोपी तेवढीच होती. मी मागच्या दारानं रांजणांपाशी गेले आणि तिथं रडून घेतलं. परत आले तोवर आबांनी अक्कांना पाट दिला होता आणि स्वतः वाढायला वाकले होते. सकाळीच बांधलेला चक्का, वर काही नाही. अक्का खाली मान घालून खात होत्या. आबा टोपी एका हातानं मागं सारत दुसऱ्या हातानं वाढत होते. वाटी संपली तेव्हा अक्कांनी ती पुढं केली आणि म्हणाल्या, "अजून थोडं."

हे ऐकून लोक मला विचारतात, मग केलंस ना माफ? नाही केलं. अक्कांची मी सेवा केली, अंथरुणाला खिळल्या तेव्हाही केली, शेवटच्या दिवसांत चमच्याच्या टोकानं चक्का त्यांच्या जिभेवर ठेवला. पण माफ केलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही. आमचं दोघींचं ते बरं होतं. माझा बाप टोपीविना इतक्या उन्हात फिरला, ते ऊन कोणाला परत घेता येतं?

आता त्या धोतराची जाळी झाली आहे. दुहेरी करून बांधावं लागतं. सून म्हणते, "आई, मलमलचं नवं फडकं आणते. हे टाकून द्या." मी तिला सांगितलं, अजून थोडं काम बाकी आहे.

कारण मावससासू शेवटपर्यंत वाकली नाही. ती गेली तेव्हाही मी धुळ्याला गेले नाही. उद्या तिचा नातू बायकोला घेऊन आमच्याकडं जेवायला येणार आहे. पोरगं गोड आहे, फोनवर म्हणालं, माझी आजी तुमच्या श्रीखंडाबद्दल सांगायची. काय सांगायची, ते मी विचारलं नाही.

दही सकाळीच टांगलं आहे. उद्या वाट्या मी स्वतः मांडीन आणि समोर बसेन. कशात बांधलं ते त्यांना सांगायचं की नाही, हे ते वाटीत किती ठेवतात ते बघून ठरवीन.